सोन्याची वाटी आणि चार टँकर पाणी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोमवारी, 12 सप्टेंबरला, आपल्या क्रीडा पानावर कतारच्या लुसेल स्टेडियमवर अर्धं पान लेख आला. तो मी इथं दोहात, कामावर नेणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर वाचला. फोटो झकास होता. सोनेरी वाटीसारखी इमारत, आत दिवा लावल्यासारखा उजेड. 88,966 प्रेक्षकांची सोय, 18 डिसेंबरचा फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना, इंग्लंडच्या फॉस्टर यांच्या कचेरीनं केलेला आराखडा, खुर्च्यांखालून येणारी गार हवा, सगळं बरोबर लिहिलंय. मला खटकला तो मथळ्यातला एकच शब्द, 'सज्ज'. शुक्रवारी, 9 तारखेला, मी त्या स्टेडियमात होतो. हाफटाइमनंतर मला तिथं घोटभर पाणी मिळालं नाही. आणि घरी जायला किती चालावं लागलं ते पुढं लिहितोच.

आधी माझी ओळख, म्हणजे हा माणूस कशाच्या जोरावर बोलतोय ते कळेल. मी मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. आयटीआय करून प्लंबिंगच्या कामाला लागलो. गेली अकरा वर्षं दोहात आहे, आता सुपरवायझर. लुसेलच्या स्टेडियमचं काम मी केलेलं नाही. पण स्टेडियमभोवती जे नवं शहर उठलंय, त्यातल्या दोन इमारतींच्या पाइपलाइनी माझ्या हाताखालून गेल्यात. 2015 साली मी पहिल्यांदा तिकडं गेलो तेव्हा वाळू, क्रेन आणि पत्र्याची कुंपणं, एवढंच होतं. जेवणाची सुट्टी झाली की सावली शोधत आम्ही काँक्रीटच्या मोठ्या पाइपात जाऊन बसायचो. 2017 मध्ये स्टेडियमचं काम सुरू झालं आणि दरवर्षी ते थोडं थोडं वर येताना आम्ही बसच्या खिडकीतून बघितलं. पेठेतला माणूस असल्यानं फुटबॉलचं वेड वेगळं सांगायला नको. तरुणपणी आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघातून कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर चार हंगाम खेळलोय. बॅक होतो. गोल एकही नाही, पण कार्ड बरीच.

कतार म्हणजे केवढा देश? आपला एकटा सोलापूर जिल्हा त्याच्याहून मोठा. तीन बाजूंनी समुद्र, नदी एकही नाही, पाऊस नावाला. पिण्याचं जवळपास सगळं पाणी समुद्राचं खारं पाणी गोडं करून मिळवलेलं. उन्हाळ्यात आमच्या फ्लॅटमध्ये थंड पाण्याचा नळ सोडला की चटका बसतो, कारण गच्चीवरची टाकी दिवसभर तापलेली असते. म्हणून मे महिना आला की आम्ही गिझरचं बटण बंद करतो आणि गिझरमध्ये साठलेल्या पाण्यानं अंघोळ करतो. गरम नळाला गार पाणी, गार नळाला गरम. नवीन आलेला माणूस पहिल्या दिवशी ओरडतोच. अशा देशात पाणी हा विषय कुणी हलक्यात घेत नाही. बांधकामावर थंड पिण्याचं पाणी फुकट ठेवलंच पाहिजे, असा नियम आहे. 1 जूनपासून 15 सप्टेंबरपर्यंत सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम बंद, हाही नियम आहे. हे पत्र लिहितोय त्या आजच्या दिवशीच यंदाची ती मुदत संपते. उद्यापासून आम्ही पुन्हा दुपारचे उन्हात.

तर शुक्रवारचं सांगतो. सौदीचा विजेता अल हिलाल आणि इजिप्तचा विजेता झमालेक यांचा सामना. नाव लुसेल सुपर कप, पण सगळ्यांना ठाऊक होतं की ही विश्वचषकाची रंगीत तालीम. स्टेडियमात त्याआधी ऑगस्टमध्ये स्थानिक लीगचा एक सामना झाला होता, पण गर्दीची खरी परीक्षा हीच. 77,575 लोक आले. आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघं मराठी आहोत, एक सांगलीचा, एक चिपळूणचा, एक परभणीचा आणि मी. दीड दिवसाचा गणपती आम्ही बादलीत विसर्जन करून, माती गॅलरीतल्या कुंडीत घालून मोकळे झालो होतो. शुक्रवार सुट्टीचा. चौघंही निघालो. परभणीच्या भावाला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण तो म्हणाला, "ज्याच्यासाठी बारा वर्षं सगळा देश खणून ठेवला, ते एकदा आतून बघू तरी द्या."

आतून बघितलं आणि खरंच तोंडात बोट गेलं. कितीही वर बसा, मैदान हातावर घेतल्यासारखं दिसतं. मधे खांब नाही, काही नाही. छपराचं वजन तारांच्या जाळ्यावर पेललंय. सायकलच्या चाकाला स्पोक असतात, तशी ती रचना. शाहू स्टेडियमच्या तापलेल्या पायऱ्यांवर बसून ज्यानं सामने बघितलेत, त्याला इथली खुर्ची म्हणजे राजाचं सिंहासन. हे मी कबूल करतो.

सामन्याआधी इजिप्तचा गायक अम्र दियाब गायला. त्याच्यासाठी लोक कितीतरी आधी येऊन बसले. आता इथं माझा धंदा आड येतो. सप्टेंबरात दोहाचं ऊन जरा उतरतं, पण समुद्रावरची दमट हवा बसते आणि शर्ट पाठीला चिकटतो. रात्रीसुद्धा चौतीस-पस्तीस डिग्री. माणूस मेट्रोतून उतरून, तपासणीची रांग लावून, जिने चढून जागेवर पोचतो तोच तहानलेला. घरची बाटली गेटवर काढून घेतलेली. कोल्हापुरात बाटल्या मैदानात कशा उडतात ते मी डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळं त्या नियमाबद्दल तक्रार नाही. पण बाटली काढून घेतलीत म्हणजे त्या माणसाच्या तहानेची जबाबदारी तुम्ही उचललीत. तो आधी दोन तास गाणी ऐकणार, मग सामना बघणार. दुकानात जे पाणी होतं, ते सामना सुरू व्हायच्या आतच निम्मं खपलं असणार, असा माझा हिशोब आहे.

आणि मग हाफटाइम. आमच्या कामात याला पीक लोड म्हणतात. राहत्या इमारतीत तो सकाळी सहा ते आठ, शाळेत मधल्या सुट्टीत, स्टेडियमात हाफटाइमला. पंधरा मिनिटांत सगळं गाव एकदम उठतं, अर्धं संडासाकडं, अर्धं पाण्याकडं. टाकी केवढी मोठी आहे याला त्या पंधरा मिनिटांत फारसा अर्थ नसतो. नळ किती, खिडक्या किती, मागून माल आणून देणारा माणूस किती चपळ, यावर सगळं असतं. मी जाऊन रांगेत उभा राहिलो. पुढं खिडकीतला पोरगा, बहुतेक केरळचा असावा, दोन्ही हात वर करून दाखवत होता, संपलं. माझ्यामागं इजिप्तची माणसं "मय्या, मय्या" म्हणून ओरडायला लागली. अरबीत त्यांच्याकडं पाण्याला मय्या म्हणतात. दुसऱ्या खिडकीवर गेलो, तिथंही तेच. एका बाईच्या कडेवर लहान लेकरू होतं, ते हुंदके देत होतं. शेजारच्या एका सौदी माणसानं स्वतःच्या बाटलीतलं उरलेलं तिला दिलं. बाटलीत बोटभर होतं.

मी जागेवर परत येऊन मोबाइलवर गणित मांडलं. सवयच आहे. 77,575 माणसं, माणशी फक्त अर्धा लिटर. साधारण 39,000 लिटर. दहा हजारांचा टँकर धरला तर चार टँकर. स्टेडियम पूर्ण भरलं, 89,000 माणसं आली, तर साडेचार. बस, एवढंच. एवढं मोठं छप्पर तारांवर तोलून धरणाऱ्यांना चार टँकर पाणी हाफटाइमला जागेवर पोचवता आलं नाही. पाणी देशात नव्हतं असं नाही, शहरातही होतं, कदाचित त्याच इमारतीच्या तळघरातही असेल. माणसापर्यंत आलं नाही. कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. 2019 ला आणि पुन्हा 2021 ला पंचगंगेचं पाणी अर्ध्या शहरात शिरलं, उपसा केंद्रं बुडाली आणि दारात पूर असताना आम्ही टँकरपुढं घागरी घेऊन उभे राहिलो. दारातलं पाणी आणि पिण्याचं पाणी यांत एक पंप, एक पाइप आणि एक जबाबदार माणूस असतो. यातलं एक जरी नसलं, तरी समुद्र आणि नदी दोन्ही बिनकामाच्या.

सामना 1-1 बरोबरीत सुटला आणि पेनल्टीवर अल हिलालनं मारला. सामन्याबद्दल मी एवढंच लिहितो, कारण दुसऱ्या हाफात माझं लक्ष घशाकडं होतं.

बाहेर आलो. बाहेर तरी पाणी मिळेल वाटलं होतं, तर तेही नाही. स्टेडियमपासून लुसेलचं मेट्रो स्टेशन नाकासमोर गेलं तर चार-पाचशे मीटर. डोळ्यांना दिसतं. पण स्टेशनवर चेंगराचेंगरी होऊ नये म्हणून रांग रिकाम्या पार्किंगमधून नागमोडी फिरवली होती. अडथळे लावून, अडीच किलोमीटर. पुढची माणसं थांबवून थांबवून सोडत होते. गर्दी अडवायची ही पद्धत चुकीची आहे असं मी म्हणत नाही. स्टेशनात एकदम सगळे घुसले असते तर काय झालं असतं याचा विचारही नको. पण दोहाची मेट्रो तीन डब्यांची. मुंबईच्या बारा डब्यांच्या लोकलची सवय असलेल्या माणसाला ती खेळण्यातली वाटते. तीन डब्यांच्या गाडीनं सत्तर हजारांवर माणसं घरी पोचवायची म्हटली, तर रांग अडीच किलोमीटर होणारच. हे गणित कागदावर आधीच दिसायला हवं होतं.

त्या रांगेत आम्ही चालत, थांबत, पुन्हा चालत होतो. कुणी जमिनीवर बसलं होतं. एक म्हातारा झमालेकचा झेंडा डोक्याखाली घेऊन चक्क आडवा झाला होता. तेवढ्यात पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. आमच्याकडं शुक्रवारची ती अनंत चतुर्दशी होती. दोन वर्षं कोरोनानं मिरवणूक गिळली होती, म्हणून यंदा पोरं पेटलेली. कोल्हापुरात तेव्हा रात्रीचे अडीच वाजून गेले होते. बारा वाजता साउंड बंद झाले तरी मंडळांची रांग महाद्वार रोडवर तशीच उभी होती. ज्यांनी ती मिरवणूक बघितलीय त्यांना माहीत आहे, मिरजकर तिकटीवरून निघालेलं मंडळ पापाची तिकटी, गंगावेस करत पंचगंगेवर किंवा हल्ली इराणी खणीवर कधी पोचेल हे देवही सांगू शकत नाही. दुसरा दिवस उजाडतो. अंतर म्हणाल तर जवळपास आमच्या त्या रांगेएवढंच. पुतण्या ओरडून सांगत होता, "काका, अजून आमचा नंबर आला न्हाई!" मी म्हटलं, "माझाबी न्हाई."

पण त्याच्या हातात चहाचा कप होता. पाठीमागं टेबल मांडून कुणीतरी पाण्याचे ग्लास भरत होतं. दरवर्षीचं आहे हे. कुठल्या कोपऱ्यावर कोण पाणी देतो, कुठं भडंग, कुठं झुणका-भाकरी, आम्हाला पाठ असतं. त्याचं कुठं टेंडर निघत नाही. आमच्या पेठेत एक आजोबा होते, ते स्वतःच्या दारात दोन माठ ठेवून अख्खी रात्र जागायचे आणि लहान पोराला आधी द्यायचे. मी कोल्हापूरची फुशारकी मारत नाही. आमच्याकडं गर्दीचं नियोजन म्हणजे आनंदच आहे, आणि शाहू स्टेडियममधली सोय काढायला बसलो तर हे पत्र संपायचं नाही. पण अडीच किलोमीटरच्या त्या सुबक रांगेत, दर पन्नास पावलांवर हातात दिव्याची कांडी घेऊन "धिस वे, धिस वे" म्हणणारा एकेक पोरगा उभा होता. त्या प्रत्येकाच्या पायाशी पाण्याचा एक जार ठेवायला काय हरकत होती, हा माझा प्रश्न आहे. त्या पोरांनाही कुणी पाणी दिलं नव्हतं. एकाला मी विचारलं, तर तो नेपाळी निघाला. म्हणाला, चार वाजल्यापासून उभा आहे.

दोहातल्या नजमा भागातल्या आमच्या खोलीवर आम्ही पोचलो तेव्हा मध्यरात्र कधीच उलटून गेली होती. परभणीचा भाऊ गिझरच्या नळाला तोंड लावून पाणी प्याला.

आता आपल्या लेखाला उत्तर म्हणून काही जण म्हणतील, आणि इथं ऑफिसातले साहेब म्हणतातच, की ही तर चाचणी होती. चुका सापडाव्यात म्हणूनच चाचणी घेतात. अगदी मान्य. पाइपलाइन टाकली की आम्हीही दाब देऊन बघतो, आणि गळती सापडली तर आनंदच होतो, कारण भिंत बुजवायच्या आधी सापडली. दोन महिने हातात आहेत, पाण्याचा प्रश्न ते सोडवतील असं मलाही वाटतं. इथं ठरवलं तर काम होतं. दुसरं म्हणतील, नोव्हेंबरात हवा गार असते. तेही खरं. पण गार हवेत रांग छोटी होत नाही, आणि नोव्हेंबरात एकट्या लुसेलला सामना नसेल. एकाच दिवशी चार-चार सामने आहेत, आठही स्टेडियमं तासाभराच्या अंतरात, आणि तीच तीन डब्यांची मेट्रो.

माझी तक्रार त्यांच्यावर कमी आणि आपल्यावर जास्त आहे, राग मानू नका. गळती सापडल्यावर तीन दिवसांनी आपण 'सज्ज' छापलंत. बातमी तर जगभर झाली होती. सोनेरी वाटीचा फोटो येतो तेव्हा तो पाठवणारा कोण असतो हे आपल्याला माझ्याहून जास्त कळतं. हे स्टेडियम आणि त्याच्याभोवतीचं शहर ज्यांनी बांधलं, त्यात नेपाळ, बांगलादेश, बिहार, तेलंगण, केरळ इथली माणसं आहेत, थोडी आपलीही. त्यातली किती उन्हानं, पडून किंवा झोपेत गेली याच्या आकड्यांवरून जगभर भांडण चालू आहे. मी एकच सांगू शकतो. आमच्या कँपातून दोन पेट्या गावाकडं गेलेल्या मी स्वतः पोचवायला विमानतळावर गेलो होतो. मोठ्या लेखात त्यांच्यासाठी एक ओळ असती तरी चाललं असतं. नव्हती.

हे सगळं आत्ताच का लिहितोय, तर पुढच्या महिन्यात आपल्याकडंच स्पर्धा आहे. सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक 11 ऑक्टोबरपासून भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत सुरू होतोय, अंतिम सामना 30 ऑक्टोबरला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. भारतीय फुटबॉल महासंघावर बंदी आली, मग ऑगस्टच्या शेवटी उठली, त्यामुळं स्पर्धा होते की नाही इथपासून सुरुवात होती. 2017 ला मुलांचा विश्वचषक आपल्याकडं झाला तेव्हा आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला आणि पेठेत दिवाळी झाली होती. या मुलींचे सामने बघायला शाळांच्या बसा भरून पोरी येतील. ऑक्टोबर हीटमध्ये, दप्तरातल्या बाटल्या गेटवर जमा करून. आपला बातमीदार तिकडं जाईलच. त्याला एवढं सांगा, प्रेसच्या खोलीत बसू नकोस. तिथं एसी असतो आणि बिसलेरी फुकट असते. हाफटाइमला वरच्या टप्प्यातल्या शेवटच्या खिडकीवर जा, नळ सोडून बघ. सामना संपल्यावर पोरींच्या मागं नेरुळ स्टेशनपर्यंत चालत जा, घड्याळ लावून. मग मथळा ठरव.

कोल्हापूरहून इकडं येणाऱ्यांनाही दोन शब्द. पेठेत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे कटआउट उभे राहायला लागलेत असं पुतण्या सांगतो. काही पोरं कर्ज काढून यायच्या गोष्टी करतायत म्हणे. या जरूर, पण बुटं चालायची आणा. सामन्याच्या दिवशी निघायच्या आधी पोटभर पाणी पिऊन निघा. परतायची घाई करू नका, पहिल्या तासात कुणीच घरी जात नाही. आणि रस्त्यात जाकीट घालून उभ्या असलेल्या पोराशी हिंदीत बोललात तर चालेल, दहातल्या आठांना कळतं.

22 नोव्हेंबरला, दुपारी एक वाजता, लुसेलमध्येच अर्जेंटिना आणि सौदीचा सामना आहे. इथं राहणाऱ्यांसाठी 40 रियालची तिकिटं काढली होती, त्यातलं एक मला लागलंय. आपल्या हिशोबात नऊशेच्या आत. त्या दिवशी हाफटाइमला मी पुन्हा खिडकीवर जाणार आहे. पाणी मिळालं तर तसं आपल्याला कळवीन, नाही मिळालं तरी कळवीन.

मी इथं कंपनीच्या व्हिसावर आहे, म्हणून कृपया नाव छापू नये.

आपला,
एक वाचक
(मूळ शिवाजी पेठ, कोल्हापूर)
दोहा, 15 सप्टेंबर 2022